गाभाऱ्यात चालतं, मग सभेत का नाही?

डिसेंबरच्या मध्यावर तमिळ पंचांगातला मार्गळी महिना लागतो आणि चेन्नईतला कर्नाटक संगीताचा हंगाम ऐन भरात येतो. गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना तिकडे सभा म्हणतात. अशा कितीतरी सभा या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली लावतात. मैफलीची मांडणी साधारण ठरलेली असते. आधी वर्णम, मग दोन-चार कृती म्हणजे रागात बांधलेल्या भक्तिरचना, मग मुख्य कृती. मुख्य कृतीत आलापना, निरवल म्हणजे एकच ओळ नव्या नव्या तऱ्हेने फुलवणं, कल्पनास्वर सगळं सविस्तर होतं आणि पुढे मृदंग-घटमचं एकल वादन, तनी आवर्तनम. उरलेल्या वेळात छोटी, सुटसुटीत पदं येतात. त्यांना तिथले लोक तुक्कडा म्हणतात. एखादी जावळी, एखादा तिल्लाना, अरुणगिरिनाथरांचं तिरुप्पुगळ आणि अलीकडे हमखास आपला अभंग. अरुणा साईराम यांनी 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' सुरू केलं की सभागृहाचा नूरच पालटतो.

मराठी माणसाला हे ऐकून भरून येतं, आणि यावंच. पण तिथेच मला एक गोष्ट फार खुपते. समोर बसलेल्या बहुतेकांना नामदेवांची मराठी कळत नाही, तरी अभंगाला मानाची जागा आहे. त्याच श्रोत्यांना कण्णदासन यांनी लिहिलेली आणि के. व्ही. महादेवन यांनी बांधलेली शिवाची, मुरुगनची सिनेमातली पदं लहानपणापासून तोंडपाठ आहेत. घरी पूजा करताना ते ती गुणगुणतात. सभेत मात्र, या शेवटच्या मोकळ्या वेळातसुद्धा, ती सहसा कानावर येत नाहीत. परभाषेतलं भजन चालतं आणि मायबोलीतलं, रागात बांधलेलं, भक्तीचंच पद केवळ सिनेमातून आलं म्हणून दाराबाहेर राहतं. हा भेद संगीताच्या कसोटीवर टिकत नाही, तो मोडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

या भेदाच्या समर्थनार्थ नेहमी तीन कारणं सांगितली जातात. सिनेमातला राग शुद्ध नसतो, शब्द उथळ असतात आणि चाल बाजारासाठी केलेली असते. आधी पापनाशम शिवन यांच्याकडे पाहू. १८९० साली तंजावर भागात जन्मलेल्या या वाग्गेयकाराला, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याला, कर्नाटक संगीतातल्या थोर संतरचनाकाराच्या नावावरून 'तमिळ त्यागराज' म्हणतात. १९७१ साली मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने त्यांना संगीत कलानिधी हा आपला सर्वोच्च मान दिला. याच शिवन यांनी गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर यांच्या सिनेमांसाठी भरभरून पदं रचली. १९४३ च्या 'शिवकवी'मधलं 'अंबा मनम कनिन्दु' हे पंतुवराळी रागातलं पद मैफलीत गायलं जातं आणि कोणी भुवया उंचावत नाही. पुढच्याच वर्षी दिवाळीत 'हरिदास' आला. मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात त्याने लागोपाठ तीन दिवाळ्या पाहिल्या. आईबापांना छळणारा मुलगा पुढे त्यांच्या सेवेतच देव शोधतो, अशी त्याची कथा. आपल्याला पुंडलिक आठवल्याशिवाय राहत नाही. त्यातलं चारुकेशीतलं 'मन्मथ लीलै' घराघरांत गेलं. चारुकेशीत त्यागराजांची 'आडमोडि गलदे' ही थोर कृती होतीच, पण सामान्य माणसाच्या कानात तो राग रुजवला या सिनेमातल्या गाण्याने. तोच राग पुढे उत्तरेकडे आला आणि अभिषेकीबुवांनी 'हे सुरांनो, चंद्र व्हा' त्यात बांधलं, हे मराठी रसिकाला सांगायला नको.

म्हणजे राग शुद्ध होता, शब्द उथळ नव्हते, आणि चाल तर चक्क बाजारासाठी, तिकीटबारीसाठीच केलेली होती. तरी 'अंबा मनम' सभेत गेलं, कारण खाली शिवन यांचं नाव होतं. दरवाजा उघडला तो नावाने. मग ज्यांच्या नावामागे वाग्गेयकार हे बिरुद लागलं नाही, पण ज्यांनी तितक्याच जाणकारीने रागात पदं बांधली, त्या जी. रामनाथन, एस. व्ही. वेंकटरामन, के. व्ही. महादेवन यांच्यासाठी तो बंद का?

सभेतलं संगीत प्राचीन आणि म्हणून पवित्र, हा मुद्दा तर याहून कमकुवत आहे. अन्नमाचार्य १५ व्या शतकातले. त्यांची हजारो संकीर्तनं तिरुमलाच्या देवळात ताम्रपटांवर कोरलेली सापडली. ताम्रपटांवर रागाचं नाव आहे, पण स्वरलिपी नाही. मूळ चाली काळाच्या ओघात गेल्या. आज आपण जी ऐकतो, त्या चाली राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मा, बालमुरलीकृष्ण, नेदुनूरी कृष्णमूर्ती अशा विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी बसवल्या. फार सुंदर बसवल्या. पण याचा अर्थ असा की 'ब्रह्ममोक्कटे' ऐकताना आपण पाचशे वर्षांपूर्वीचे शब्द आणि आपल्या आजोबांच्या काळातली चाल ऐकत असतो. राजाची झोप आणि सेवकाची झोप एकच, ब्राह्मणाची जमीन आणि चांडाळाची जमीन एकच, असं सांगणारं हे पद नव्या चालीतही पवित्र राहतं. तर मग त्याच काळात, बालमुरलीकृष्णांच्याच गळ्यातून सिनेमासाठी आलेलं पद अपवित्र कसं होतं? १९६५ च्या 'तिरुविळैयाडल'मधलं त्यांचं 'ओरु नाळ पोदुमा' ही तर एकापाठोपाठ एक राग उलगडत जाणारी रागमालिका आहे.

खरं तर सुरुवातीला हे कुंपण नव्हतंच. १९३५ च्या 'नंदनार'मध्ये के. बी. सुंदरांबाळ यांनी अस्पृश्य संत नंदनारची भूमिका केली, त्यासाठी एक लाख रुपये घेतले, आणि त्यांच्यासमोर ब्राह्मण जमीनदाराच्या भूमिकेत होते महाराजपुरम विश्वनाथ अय्यर, त्या काळचे पहिल्या रांगेतले गवई. प्रभातच्या 'संत तुकाराम'नंतर दोनच वर्षांनी, १९३८ साली, तमिळमध्ये तुकोबांवर सिनेमा निघाला. तुकाराम झाले होते मुसिरी सुब्रमण्य अय्यर, आणि लगेच १९३९ साली ते संगीत कलानिधीही झाले. जी. एन. बालसुब्रमण्यम आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी हे मैफलीतले दोन मोठे गायक 'शकुंतलै' सिनेमात एकत्र दिसले. सुब्बुलक्ष्मींची 'मीरा' १९४५ साली तमिळमध्ये आली, दोन वर्षांनी हिंदीत. त्यांचं व्यंकटेश सुप्रभातम आज ज्या घरात पहाटे वाजतं, त्या घरात त्यांचा आवाज आधी पोचला होता तो पडद्यावरून.

मग कुंपण घातलं कोणी? पुष्कळ जणांनी, आणि बऱ्याचदा चांगल्या हेतूने. त्यात एक नाव आपल्याकडचं आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचं जिवापाड प्रेम. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि देशभरच्या कलावंतांना त्याने उभं केलं, हे ऋण मान्यच केलं पाहिजे. पण सिनेमाची गाणी त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. धोरण फसलं, पण 'सरकारमान्य' संगीत आणि 'करमणुकीचं' संगीत ही विभागणी लोकांच्या डोक्यात पक्की झाली. दक्षिणेत ती उत्तरेपेक्षा जास्त रुतली, कारण तिथे सभेचं संगीत जवळजवळ पूर्णपणे भक्तीचं आहे. त्यामुळे शास्त्रीय म्हणजे देवाचं आणि सिनेमाचं म्हणजे प्रपंचाचं, असं समीकरण तयार झालं. सिनेमातलं देवाचं गाणं कुठे ठेवायचं, याचं उत्तरच त्यात नव्हतं.

आता शबरीमलाकडे वळू. अय्यप्पाचं देऊळ उघडं असतं त्या दिवसांत रात्री ते बंद करताना 'हरिवरासनम' वाजतं. मध्यमावती राग, जो कर्नाटक मैफलीच्या अखेरीस मंगल म्हणून गायला जातो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'हरिहरात्मजं देवमाश्रये' ही ओळ येते आणि हजारो यात्रेकरू ती एका सुरात म्हणतात. या अष्टकाची आज सर्वांच्या ओठी असलेली चाल १९७५ च्या 'स्वामी अय्यप्पन' या मल्याळम सिनेमातली आहे. संगीतकार जी. देवराजन डाव्या विचारांचे आणि नास्तिक. गायक येशुदास जन्माने ख्रिस्ती. नास्तिकाने चाल दिली, ख्रिश्चनाने गायली, सिनेमाच्या निर्मात्याने पैसे घातले, आणि केरळातल्या सर्वांत मोठ्या यात्रास्थळी देवाला निजवण्याचा मान त्या गाण्याला मिळाला. भाविकांनी कोणाच्या शिफारशीची वाट पाहिली नाही. त्यांना ते गाणं देवाजवळ नेणारं वाटलं, बस्स.

येशुदास यांची गोष्ट इथे संपत नाही. ते कर्नाटक गायक चेंबै वैद्यनाथ भागवतरांचे शिष्य, आणि चेंबै गुरुवायूरच्या कृष्णाचे निस्सीम भक्त. गुरूच्या त्या आराध्याच्या देवळात शिष्याला प्रवेश नाही, कारण तिथे फक्त हिंदूंना सोडतात. १९७० च्या एका सिनेमासाठी वयलार रामवर्मा यांनी गाणं लिहिलं: गुरुवायूरच्या देवळापाशी एक दिवस मी जाईन, गोपुराचं दार उघडून गोपकुमाराला पाहीन. चाल देवराजन यांची, आवाज येशुदास यांचा. हे सिनेमातलं पद आहे, प्रार्थना आहे आणि मंदिरप्रवेशाची मागणीही आहे. केरळात ते ठाऊक नसलेला माणूस मिळणं अवघड. नंदनार चिदंबरमच्या शिवमंदिराच्या दारात उभा राहून जे मागतो, तेच हे गाणं मागतं. गोपालकृष्ण भारतींनी १९ व्या शतकात रचलेली नंदनारची पदं सभेत भक्तीने गायली जातात. वयलारांचं पद का गाऊ नये, याचं संगीतातलं कारण मला कोणीतरी समजावून सांगावं.

आणखी एक आवाज, सभांपासून याहूनही दूरचा. जुलैच्या मध्यावर आडी महिना लागला की तमिळनाडूत गल्लोगल्ली मारिअम्मनच्या देवळांपुढे मांडव पडतात. कडुनिंबाचे डहाळे, लाल-पिवळी लुगडी, मोठाल्या पातेल्यांतून वाटली जाणारी नाचणीची आंबील, आणि भोंग्यावर एल. आर. ईश्वरी. सिनेमात क्लबमधली नाचाची गाणी गाऊन प्रसिद्ध झालेल्या, ख्रिस्ती घरातल्या या बाईंच्या आवाजात देवीची गाणी लागली नाहीत तर आडी साजरा झाल्यासारखं वाटत नाही. 'कर्पूर नायकिये' म्हणताना त्यांचा आवाज कापरासारखा पेटतो. त्यात नाजूकपणा नाही, गमकांची कलाकुसर नाही. आहे ती देवीला हाक मारणाऱ्या बाईची ताकद. ज्या देवीला नैवेद्याला आंबील लागते, तिला गाणंही तसंच लागतं. या गाण्यांना सभेत कधी जागा मिळाली नाही आणि मिळावी अशी कोणी मागणीही केली नाही, कारण मारिअम्मन गरिबांची देवी. नागोर हनीफा या मुस्लिम गायकाचं 'इरैवनिडम कैयेंदुंगळ' तमिळनाडूत हिंदूही मनापासून ऐकतात. तेही असंच बाहेरच्या बाहेर.

ही सगळी उदाहरणं शेजारीशेजारी ठेवली की चित्र स्वच्छ दिसतं. सभेच्या दारात गाणं अडतं ते कोण गातं, कोणासाठी गातं आणि कुठल्या वस्तीत वाजतं यावरून. राग, शब्द आणि चाल ही कारणं नंतर जोडली जातात.

'सिंधु भैरवी'चं प्रकरण म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखं आहे. के. बालचंदर यांचा हा १९८५ चा सिनेमा, संगीत इळैयराजांचं. त्यात तेलुगू-संस्कृत कृती गाणाऱ्या नामांकित गवयाला एक श्रोती बाई विचारते, की लोकांना कळेल असं तमिळमध्ये का गात नाही? तिला स्वतः गायची वेळ येते तेव्हा ती एक साधं, खेडवळ वळणाचं पद उचलते: 'पाडरियेन, पडिप्परियेन', मला गाणं येत नाही, शिक्षण नाही. पद वाढत जातं आणि बघता बघता त्याच स्वरांतून त्यागराजांच्या 'मरि मरि निन्ने'त उतरतं. लोकगीताची चाल आणि थोर वाग्गेयकाराची कृती यांच्यात सांधा कुठे आहे ते ऐकणाऱ्याला सापडत नाही. के. एस. चित्रा यांना या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण जाणकारांतले अनेक जण संतापले. 'मरि मरि निन्ने' कांभोजीत गातात, इळैयराजांनी ते सारमतीत नेलं होतं. त्यागराजांच्या कृतीचा राग बदलायचा अधिकार यांना कोणी दिला, असा सवाल होता.

संताप मला समजतो. कांभोजीतली ती कृती ज्याने मुरवून ऐकली आहे त्याला धक्का बसणारच. पण त्यागराजांच्या शिष्यपरंपरा उमैयालपुरम, वालाजापेट, तिल्लैस्थानम अशा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्यात एकाच कृतीचे पाठ जुळत नाहीत. काही कृतींच्या रागांबद्दलही मतभेद आहेत. त्यावर विद्वान वाद घालतात, तेही आदराने. तो आदर सिनेमाच्या संगीतकाराला मिळाला नाही. त्याने केलेला बदल चर्चेचा विषय होण्याऐवजी गुन्हा ठरला. तमिळ कानाला लोकगीत आणि कृती एकाच घरातली आहेत असं जाणवून देणारा तो क्षण होता, आणि तो सभेत नाही, थिएटरात घडला.

विरुद्ध बाजूचे दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत. पहिला मनोधर्माचा. कर्नाटक संगीताचा प्राण कलावंताच्या स्वतःच्या विस्तारात आहे. सिनेमातलं पद चार मिनिटांत बांधलेलं, वाद्यमेळासकट गोठवलेलं. हे खरं आहे. म्हणून कोणी मुख्य कृतीची जागा सिनेमाच्या गाण्याला द्या असं म्हणत नाही. तुक्कड्यात तर विस्तार मुळातच थोडा असतो. शिवाय एखाद्या पदातली ओळ निरवलला पेलते की नाही, हे गायल्याशिवाय कळणार कसं?

दुसरा आक्षेप नादस्वराचा, म्हणजे देवळात वाजणाऱ्या सनईसारख्या वाद्याचा, आणि तो मला जास्त टोचतो. देवाची पालखी निघताना वाजणारी गंभीरनाटै रागातली मल्लारी, पिढ्यान्पिढ्या देवळात वाजवणारी इसै वेळ्ळाळर घराणी, त्यांचा रात्ररात्र चालणारा रागविस्तार. लग्नात यजमान सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करतात आणि कलावंताला पोटासाठी ती वाजवावी लागतात. त्यात विद्या झिजते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोष कोणावर घालायचा ते नीट पाहावं. देवळांनी वाजंत्री कमी करून भिंतीवर विजेवर चालणारी ढोल-घंटेची यंत्रं बसवली, त्याला सिनेमा जबाबदार नाही. उलट १९६२ मध्ये कारुकुरिची अरुणाचलम यांचा नादस्वर आणि एस. जानकी यांचा आवाज आभेरी रागातल्या 'सिंगारवेलने देवा' या सिनेमातल्या गाण्यात एकत्र आले, तेव्हा ज्याने कधी देवळाच्या उत्सवात नादस्वर ऐकला नव्हता अशा माणसाच्या घरी तो पोचला. जानकी स्वराला स्वर भिडवत नादस्वराशी जी बरोबरी करतात, ती आजही गाणं शिकणाऱ्या मुली घोटतात. नादस्वर वाचवायचा तर देवळांनी पगारी वादक ठेवावेत आणि सभांनी त्यांना बाहेर मांडवात बसवण्याऐवजी मुख्य वेळ द्यावी.

आपल्याकडचा अनुभव या वादात साक्षीला आणता येतो. संगीत नाटक तिकिटांवर चालणारा धंदा होता. 'कान्होपात्रा'साठी मास्टर कृष्णरावांनी बांधलेलं 'अगा वैकुंठीच्या राया' बालगंधर्व रंगभूमीवर गायचे. आज शास्त्रीय गायक मैफलीचा शेवट त्याच भैरवीने करतात आणि कोणाच्या मनात येत नाही की हे नाटकातलं आहे. त्याने ख्याल बिघडला नाही. नाट्यपदं ऐकून कान तयार झालेला महाराष्ट्रातला सामान्य माणूस पुढे भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे यांच्या मैफलींना गर्दी करू लागला. दक्षिणेत नाट्यपदांचं हे काम सिनेमाने केलं. श्रोता तयार करून दिला, आणि सभांनी तो घेतला, पण ज्या गाण्यांनी त्याला घडवलं ती मात्र नाकारली.

कुंपण हलतं, याचा दाखला चेन्नईतच आहे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य मैफल तेलुगू आणि संस्कृतची, तमिळ पदं शेवटच्या तुकड्यापुरती, अशी रीत होती. राजा सर अण्णामलै चेट्टियार यांनी १९४१ साली अण्णामलैनगरला तमिळ इसै, म्हणजे तमिळ संगीत, परिषद भरवली, १९४३ मध्ये तमिळ इसै संगम उभं राहिलं. म्युझिक अकॅडमीने विरोध केला. भाषेच्या आग्रहाने संगीताचा दर्जा घसरेल, असं तेव्हा विद्वान सांगत होते. लेखक कल्की आणि सुब्बुलक्ष्मी तमिळच्या बाजूने उभे राहिले. आज तमिळ कृती मुख्य म्हणून गायली तर कोणाला नवल वाटत नाही, आणि दर्जा घसरला असंही कोणी म्हणत नाही.

सिनेमातल्या भक्तिपदांसाठी इतकी मोठी चळवळही नको. संगीत महाविद्यालयांनी पदविकेच्या अभ्यासक्रमात जी. रामनाथन, के. व्ही. महादेवन, देवराजन यांची निवडक रागबद्ध पदं स्वरलिपीसह शिकवावीत. कृती गाताना गायक राग, ताल आणि रचनाकाराचं नाव सांगतो, तसंच सिनेमातलं पद गाताना कवीबरोबर चाल बांधणाऱ्याचंही नाव सांगावं. आज बहुतेक श्रोत्यांना ते ठाऊकच नसतं. आणि मोठ्या सभांनी आडी महिन्यात एखादी संध्याकाळ देवीच्या गाण्यांसाठी ठेवावी. ज्या वादकांनी ती गाणी वर्षानुवर्षं मांडवात वाजवली त्यांनाच बोलवावं, आणि मुख्य मैफलीच्या कलावंताला जितकं मानधन देतात तितकंच त्यांनाही द्यावं.